पाहुण्यांची ठेव

ज्या वर्षी भावेश बोटीवर गेला नाही, त्या वर्षी हंसाबायच्या अंगणात बोंबलांच्या जागी पांढऱ्या चादरी वाळू लागल्या.

एडवणला समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, सुरूच्या बनाच्या अलीकडे, आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. हंसाबाय माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणातल्या आडव्या बांबूंवर बोंबील टांगलेले असायचे, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून. वारा सुटला की ते सगळे एकदम हलायचे. आम्ही दोघी जावा भर उन्हात ते टांगायचो आणि संध्याकाळपर्यंत बोटं सोलून निघायची. त्या वासाची आम्हाला कधी लाज वाटली नाही. आता त्याच बांबूंवर हंसाबाय चादरी झटकून पसरत होती, आणि मूठभर जवळा वाळत घालायचा झाला तर माझ्या परसात येत होती.

"मोनाली बोलते, पावण्यांना वास येतो," ती मला सांगायची. "येणारच ना गो. समुद्रावर आलेत, मग काय मोगऱ्याचा येणार?"

मोनाली तिची सून. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. भावेश मात्र वाडीतल्या निम्म्या पुरुषांसारखा गुजरातच्या बोटींवर खलाशी होता. पाऊस ओसरायला लागला की जायचा तो उन्हाळ्यात परत. शेवटच्या हंगामात त्याच्या शेजारी उभा राहून जाळं ओढणारा आमच्याच वाडीचा प्रदीप पहाटे पाण्यात गेला. बोट उजाडेपर्यंत तिथंच घिरट्या घालत राहिली. उजाडल्यावर बोट चालवणाऱ्या तांडेलानं पुन्हा जाळं टाकायला लावलं. भावेश घरी आला, अंगणात बसला आणि आईला म्हणाला, "आये, मी आता जाणार नाय."

हंसाबायनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. "नको जाऊ," ती म्हणाली. कारण विचारायची गरज नव्हती. चार घरं पलीकडे प्रदीपची आई रडत होती ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

मग मोनालीनं हे खोल्यांचं काढलं. समोरच्या ओटीच्या आणि माजघराच्या दोन खोल्या केल्या. टाइल्स लावल्या, कमोड बसवला, गीझर, एसी. भावेशची इतक्या वर्षांची बोटीवरची कमाई आणि मोनालीचा कंपनीतून सुटलेला फंड त्यात गेला. घराचे फोटो मोबाइलच्या अ‍ॅपवर चढले आणि घरची माणसं मागच्या पडवीत झोपायला गेली. केळव्याला पर्यटक रस्त्यानं चालत येतात आणि खोली आहे का विचारतात. एडवणला तसं कुणी येत नाही. जो येतो तो मोबाइलवर घर बघूनच येतो.

आणि येऊ लागले. वसईचे, मुंबईचे, सुरतेचे. भावेश चादरी धुवायचा, संडास घासायचा, पाहुण्यांच्या पोरांना खडकांवरून सांभाळून न्यायचा. नाक्यावर बोटीवरचे जुने सोबती चिडवायचे, "काय हाटेलवाला, धुतलास का कमोड?"

"धुतला. तुजा पन धुवू?" तो हसून म्हणायचा.

तो हसायला लागला होता. हंसाबायला तेवढंच हवं होतं. तिचं गणित साधं होतं: खोल्या भरत राहिल्या तर पोरगा घरी राहतो.

पहिल्या दिवाळीतच अ‍ॅपवाल्यांची एक ताकीद आली. पाहुण्यांना गरम पाण्याची जादा बादली, जादा गादी, त्यांनी आणलेलं पापलेट तळून देणं, या सगळ्याचे हंसाबाय सुटे पैसे घ्यायची आणि कमरेच्या पिशवीत टाकायची. कुणीतरी ते अ‍ॅपवर लिहिलं. मोनालीनं सासूला पडवीत समोर बसवून घेतलं. मी तांदूळ निवडत तिथंच होते.

"आई, आता एक रुपया कुणाकडून हातात घेयाचा नाय. गादीचे, साफसफाईचे, जे काय असतील ते आदीच अ‍ॅपवर लिहायला लागतात. इथं आल्यावर मागितले की नियम मोडतो. परत झालं तर घर काढून टाकतील."

"घर काढून टाकतील? आनि नेतील कुठं?"

"अ‍ॅपवरून काढतील, आये," भावेश म्हणाला.

"पापलेट मी तळणार, तेल माजं, चूल माजी. आनि पैसे त्याला इचारून घेयाचे? कोन हाय तो?"

मोनाली जरा अडखळली. "तो असा कोन नाय. कंपनी हाय. आनि डिपॉझिट पन घेयाचं नाय."

"ते काय असतं?"

"आदी पैसे ठेवून घेयाचे. काय फोडलं-तोडलं तर त्यातून कापायचे."

हंसाबायचा चेहरा वाकडा झाला. "पावना दारात आला आनि त्याला बोलायचं, तू फोडशील? शी! असले पैसे या घरानं कदी घेतले नाय."

त्या दिवसापासून तिनं खरंच कुणाकडून रुपया घेतला नाही. कुणी खुशीनं हातावर ठेवला तरी हात मागे घ्यायची. तळलेलं पापलेट पाहुण्यांना देऊन झालं की कढईत उरलेल्या तेलाकडे मात्र ती थोडा वेळ बघत बसायची.

आता ठेवीचं सांगायला हवं.

आमच्या समाजाची लग्नातली भांडी सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घरी असत. दोन माणसांना उचलावे लागणारे टोप, पराती, भाताचे झारे. कुणाकडे लग्न निघालं की घरची बाई भांडी न्यायला यायची आणि येताना आपल्या घरातली एक वस्तू आणायची. तांब्या, अडकित्ता, पोराच्या पायातला वाळा, काहीही. सासूबाई ती फडताळात ठेवायच्या. हिला ठेव म्हणायचे. लग्न झालं, भांडी चिंच लावून घासून परत आली की ठेव परत जायची. एवढ्या टोपाच्या बदल्यात अडकित्ता ठेवून काय भरून निघणार होतं? भरून काढण्यासाठी ती नव्हतीच. ठेव घेतली म्हणजे तू परत येणार आहेस हे दोन्ही घरांनी धरून चालायचं. एकदा भांडणाच्या रागात सासूबाईंनी एका घराची ठेव घेतली नाही. "असाच ने टोप," म्हणाल्या. ती बाई उंबऱ्यात उभी राहून रडली आणि टोप न नेताच गेली. माझ्या लग्नाचा भात त्याच टोपांत शिजला. त्यासाठी माझ्या माहेरची पितळी समई इथं ठेव म्हणून आली होती. दातिवऱ्याहून मी या घरात यायच्या आधी माझ्या घरची समई आली आणि मी आले त्या दिवशी ती परत गेली. उंबऱ्यावर आम्हा दोघींची गाठ पडली असं माझी आई गमतीनं सांगायची.

पुढे केटरर आले. भांडी मागच्या पडवीत काळी पडत राहिली. फडताळ रिकामं झालं.

त्या हिवाळ्यात वसईच्या कॉलेजातल्या पोरींचा घोळका उतरला होता. त्यांना अंगणात बिर्याणी करायची होती, मोठा टोप हवा होता. हंसाबायनं लहानातला एक टोप ओढून काढला, घासला, आणि सवयीनं म्हणाली, "तुजं काय तरी ठेव माज्याकडं."

"काय ठेवू, आजी?"

"काय पन. तुजं पायजे फक्त."

त्या पोरीनं केसातला चाप काढून दिला. हंसाबायनं तो फडताळात ठेवला आणि सगळी कहाणी सांगितली. पोरींना ते फार आवडलं. जाताना चापाबरोबर हंसाबायनं त्यांना सुकटीची पुडी दिली. त्यांनी अ‍ॅपवर भरभरून लिहिलं. मग जो पाहुणा येईल त्याच्याकडे हंसाबाय खोलीची किल्ली देताना ठेव मागू लागली. कुणी टोपी द्यायचं, कुणी कंगवा, लहान पोरं प्लास्टिकचा डायनासोर द्यायची आणि दर तासाला येऊन तो बघून जायची. मोनालीला हे ठाऊक होतं. तिनं फडताळाचा फोटोसुद्धा घराच्या फोटोंमध्ये घातला. यात पैसा नव्हता, त्यामुळे नियमाचा विचार तिच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही.

खोल्यांना दीड वर्ष होऊन गेलं होतं. मे संपत आला होता. समुद्रावरून वारा यायचा बंद झाला की आमच्याकडे घाम पुसायलाही कोरडं फडकं मिळत नाही, असे दिवस. बोईसरहून एक कुटुंब आलं. हितेश नावाचा इंजिनिअर, तारापूरच्या बाजूच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, त्याची बायको रुचिता आणि त्याची आई. गाडी अंगणात लावली. हंसाबायनं ठेवीचं सांगितलं. हितेश चांगला मोकळा माणूस होता.

"मग गाडीच ठेवतो तुमच्याकडे, आजी," असं म्हणून त्यानं गाडीची चावी तिच्या हातात दिली. "नाहीतरी पाण्यात खेळताना वाळूत पडायची. तुमच्याकडे बरी."

"दुसरं काय तरी द्या ना," हंसाबाय म्हणाली. "ही भारी वस्तू."

"राहू द्या हो. पळून जाऊ नये म्हणून हीच बरी!"

सगळे हसले.

भारी वस्तू म्हणूनच ती हंसाबायनं फडताळात ठेवली नाही. पदराच्या टोकात बांधली आणि टोक कमरेला खोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाहुण्यांच्या जेवणासाठी मासळी आणायला दातिवऱ्याला गेली. होड्या उशिरा लागणार होत्या म्हणून तिथंच मासळीवाल्या बायकांत बसून राहिली. मोबाइल घरी चार्जिंगला होता.

इकडे हितेशच्या आईला दम लागला. दमा जुना होता, फवारा बरोबर होता, पण वीज गेलेली, खोली तापलेली. म्हातारीचे ओठ निळे पडायला लागले. हितेश चावी मागायला धावत पडवीत आला. मोनालीनं फडताळ उघडलं. तिथं चावी नव्हती. तिनं फडताळ पूर्ण उपसलं, सासूची गाठोडी उपसली, उशा झटकल्या. हितेश मागे उभा राहून ओरडत होता, "चावी द्या माझी! माझी चावी ठेवून घ्यायचा काय अधिकार आहे तुम्हाला?" भावेश मोटारसायकल घेऊन दातिवऱ्याकडे सुटला. मी पलीकडच्या रिक्षावाल्याला उठवून आणलं. म्हातारीला रिक्षात घालून रुचिता सफाळ्याच्या डॉक्टरकडे गेली, चावी आली की गाडी घेऊन मागोमाग निघायचं म्हणून हितेश थांबला. अर्ध्या वाटेवर तिच्या सासूनं मान टाकली असं वाटून ती चालत्या रिक्षातून हितेशला फोनवर रडत होती, आणि हितेश बंद गाडीच्या टपावर मुठी आपटत होता.

भावेशच्या मागे बसून हंसाबाय आली तेव्हा तिच्या मांडीवर पापलेटांची टोपली होती. उतरताना टोपली कलंडली. पदराची गाठ घामानं घट्ट झाली होती. तिला ती सुटेना. शेवटी तिनं दातांनी सोडवली. हितेशनं चावी ओढून घेतली आणि पापलेटांवरून गाडी घालून निघून गेला.

म्हातारी वाचली. सफाळ्याला ऑक्सिजन लावल्यावर तासाभरात बोलू लागली. हे आम्हाला रिक्षावाल्यानं येऊन सांगितलं. हंसाबाय तोवर अंगणातच बसून होती. ते ऐकल्यावर उठली आणि चेपलेली मासळी गोळा करू लागली.

चौथ्या की पाचव्या दिवशी अ‍ॅपवाल्यांचा प्रश्न मोनालीच्या मोबाइलवर आला. पाहुण्यानं तक्रार केली होती की घरमालकिणीनं गाडीची चावी अनामत म्हणून अडकवून ठेवली. प्रश्न मराठीतच होता. पाहुण्याची वस्तू तुम्ही ताब्यात ठेवली होती का? खाली होय आणि नाही.

"नाय दाब," भावेश म्हणाला.

मोनालीचं बोट वर थांबलं होतं. "तो एकटाच बोलतोय. आपण नाय बोललो तर ते कुठं बघायला आले होते?"

"मोनाली," हंसाबाय चुलीपासून म्हणाली, "ठेवली होती ना?"

"आई, तुमाला कळत नाय. होय बोललो तर संपलं."

"त्यानं हातानं दिली, मी हातानं घेतली. ती ठेव झाली. आता नाय बोललीस तर मी चोरली असं होतं."

"चोरली असं कोन बोलतंय, आये!"

"नाय म्हंजे काय मग? दिली नाय, घेतली नाय, आनि माज्या पदरात होती." तिचा आवाज चढला नाही. "होय दाब. आनि सगळं लिही. भांड्यांचं लिही. माणसंच असतील ना तिकडं? वाचतील."

भावेश उठून अंगणात गेला. मोनालीनं सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिनं होय दाबलं. खालच्या जागेत तिनं समाजाच्या भांड्यांचं, ठेवीचं, कॉलेजच्या पोरींचं सगळं लिहिलं. जागा पुरेना म्हणून दोनदा खोडून लहान केलं. हंसाबाय बाजूला बसून सांगत होती, "समईचं पन लिही." समई बसली नाही.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. प्रामाणिक उत्तराबद्दल आभार मानले होते. आधी एकदा ताकीद दिलेली आहे, अनामत घेतल्याचं तुम्ही स्वतः मान्य केलं आहे, म्हणून हे घर कायमचं काढून टाकण्यात येत आहे. पुढच्या सगळ्या तारखांची बुकिंगं रद्द झाली होती. मोनालीनं ते मोठ्यानं वाचलं. हंसाबायनं विचारलं, "भांड्यांचं काय लिवलंय?"

"काय नाय लिवलं, आई."

माझ्या नावानं नवीन खातं काढून पाहिलं. पत्ता तोच म्हणून तेही घेतलं नाही.

आषाढात हंसाबाय मला म्हणाली, "चल, बोईसरला जाऊन येऊ. तुला बोलता येतं नीट." सोडे आणि सुकट तिनं डब्यात भरली. सफाळ्याहून गाडीनं आम्ही बोईसरला उतरलो. रस्त्यावर गटाराचं पाणी पिवळं वाहत होतं आणि हवेत त्या कारखान्यांचा आंबूस वास. इमारत सापडली. दारावरच्या रखवालदारानं डब्याला नाक लावलं.

"मच्छी लेके लिफ्ट में नहीं जाने का. सीढ़ी से जाओ."

हंसाबायचे गुडघे गेलेले. ती प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबायची आणि डबा या हातातून त्या हातात घ्यायची. मी मागितला तर देईना.

दार हितेशच्या आईनं उघडलं. तिला बघून हंसाबायनं डबा खाली ठेवला आणि सरळ तिच्या पायांशी वाकली. म्हातारी घाबरून मागे सरली. "अहो, हे काय! मला बरं आहे हो. माझा दमा काय आजचा आहे?" तिनं आम्हाला आत बसवलं, चहा केला. रुचिता एकदा दारात येऊन बघून गेली.

हितेश संध्याकाळी आला. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला. हंसाबायनं पाठ करून आणलेलं एका दमात म्हटलं, "चूक माजी. चावी घेऊन मी गावाला जायाची नव्हती. तुमच्या आईला काय झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं? पन मी ती अडकवली नव्हती. एवढं फक्त तुमी त्यांना सांगा. माजा पोरगा घरी ऱ्हातो तेच्यावर."

तो बराच वेळ पायातले मोजे काढत बसला. मग म्हणाला, "मी रागात लिहिलं, आजी. चावी मीच दिली होती. खरं आहे ते." त्यानं आमच्यासमोर मोबाइल काढला आणि लिहून पाठवलं. मला वाचूनही दाखवलं. चांगलं लिहिलं होतं, स्वतःकडे दोष घेतला होता. परतीच्या गाडीत हंसाबाय खिडकीला डोकं टेकून झोपली. अ‍ॅपवरून घर गेल्यापासून तिला तशी झोपलेली मी पाहिली नव्हती.

आठवड्यानं हितेशचा फोन आला. मोनालीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आजी, मी दोनदा लिहिलं. त्यांच्याशी बोललोही. ते म्हणतात, पाहुण्यानं तक्रार मागे घेतली तरी काही उपयोग नाही. घरमालकानं वस्तू ठेवल्याचं स्वतःच मान्य केलंय. तेवढं नसतं तर काहीतरी होऊ शकलं असतं. मला माफ करा."

"बरं बरं," हंसाबाय म्हणाली. "आईंना जपा. पावसात खिडकी उघडी नका ठेवू."

फोन बंद झाला. मोनाली उठली, खोलीतल्या गाद्यांवरच्या चादरी काढून त्यांच्या घड्या घालू लागली. घड्या घालता घालता ती एकदाच म्हणाली, कुणाकडे न बघता, "एक नाय दाबलं असतं तर." पुन्हा ते कधी बोलली नाही. पण भिंत एकच असल्यानं ते मलाही ऐकू आलं होतं, आणि हंसाबाय तर तिच्यासमोरच बसली होती.

भावेश रोज सकाळी बोईसरला जाऊन कारखान्यांच्या दारांवर उभा राहून येऊ लागला. ठेकेदार त्याच्याहून दहा वर्षांनी लहान पोरं निवडून टेंपोत भरायचे. मोनालीच्या जुन्या कंपनीत तिची जागा केव्हाच भरली होती. एसी विकला. मग एका दुपारी भिका येऊन अंगणात बसला. भिका वाडीतलाच, पोरबंदरच्या एका बोटीवर तांडेल झालेला. त्याला खलाशी कमी पडत होता. हंसाबायनं त्याला चहा दिला. भावेश त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत बोलत गेला आणि परत आला तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतरचे दिवस तो जुन्या दोरांचं गुंडाळं घेऊन अंगणात बसायचा आणि दोर हातातून ओढत राहायचा, पुन्हा पुन्हा. दोन वर्षांत साबणाच्या पाण्यानं तळहात पोरीसारखे मऊ झाले होते. दोराच्या पिळानं फोड यायचे, फुटायचे. हंसाबाय रात्रीच्या जेवणाआधी त्यावर खोबरेल लावायची. एकदा तो म्हणाला, "आये, तुज्यामुळं नाय." तिनं त्याचा दुसरा हात घेतला आणि त्याला तेल लावू लागली.

निघायच्या दिवशी टेंपो नाक्यावर सकाळीच येऊन उभा होता. आत डोंगराकडची आणि आमच्या वाडीची माणसं दाटीनं बसली होती. कुणीतरी ओरडलं, "आला आला, हाटेलवाला आला! जागा करा." भावेश हसला आणि पिशवी आत टाकून चढला. मोनाली मोबाइल हातात धरून विजेच्या खांबाजवळ उभी होती. तिनं बोटीवर कुणाचा फोन लागतो तो नंबर पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून घेतला. हंसाबाय भावेशकडे गेली नाही. ती पुढं गेली, जिथं भिका चालकाशेजारी बसला होता.

"भिका," ती म्हणाली.

"काय, काकी?"

"त्याला काठाकडं झोपायला देऊ नको हां. तो झोपेत उठून चालतो. प्रदीप गेल्यापासून. त्याला स्वतःला ठाऊक नाय. मी पडवीत दाराला आडवी झोपायची."

भिकानं मागे वळून पाहिलं. भावेश मागच्या माणसांत बसून कुणाच्या तरी बोलण्याला मान डोलवत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खोटं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"काकी," तो हळू म्हणाला, "बोटीवर सगळा काठच असतो."

हंसाबायनं समजल्यासारखी मान हलवली. चालकानं गाडी सुरू केली. टेंपो सफाळ्याच्या वळणावर दिसेनासा झाला तरी ती तशीच रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि मागून आलेली एसटी भोंगा न वाजवता तिच्यामागं थांबून राहिली.